आपला कोण, परका कोण?

राष्ट्र म्हणजे काय, या प्रश्नावर विद्वानांनी पुष्कळ लिहिले आहे. मी कामगार युनियनमध्ये काम करणारा माणूस. माझे शिक्षण झाले ते द्वारसभांत आणि ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकांवर. तेव्हा व्याख्यांच्या वाटेला मी जाणार नाही. मला आज एका देशातील लोकमताची हकीकत सांगावयाची आहे. तो देश ब्रिटन. आणि प्रश्न असा की, साधी कष्टाळू माणसे बाहेरून आलेल्या दुसऱ्या साध्या कष्टाळू माणसांविरुद्ध केव्हा उठतात? याचे एक ठरीव उत्तर आपल्या तोंडी बसले आहे : पोटाला कमी पडले की माणूस परक्यावर दात धरतो. हे उत्तर अर्धेच खरे आहे. उरलेले अर्धे शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा ब्रिटनमध्ये काम होते, हात नव्हते. १९४८ च्या नागरिकत्व कायद्याने वसाहतींतल्या माणसाला खुद्द ब्रिटनमधल्या माणसाइतकाच नागरिकत्वाचा हक्क दिला. त्याच वर्षी २२ जून रोजी ‘एम्पायर विंड्रश’ या बोटीने कॅरिबियन बेटांतले शेकडो लोक लंडनजवळ टिलबरीच्या धक्क्यावर उतरविले. आणि ५ जुलैला ब्रिटनची राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू झाली. पुढे या सेवेतील इस्पितळे वसाहतींतून आलेल्या परिचारिकांच्या आणि आपल्याकडून गेलेल्या डॉक्टरांच्या आधारावर चालू लागली. १९५६ पासून लंडनच्या बससंस्थेने बार्बाडोस बेटावर जाऊन नोकरभरती केली. पंजाबातले लोक मिडलंड्सच्या ओतशाळांत शिरले, मीरपूरकडचे लोक यॉर्कशरच्या लोकरीच्या गिरण्यांत रात्रपाळीला लागले. जे काम गोऱ्या कामगाराला नको होते, ते त्यांनी केले.

पण बोलावून आणलेला पाहुणाही घरात मुरावयास वेळ लागतो. १९५८ मध्ये नॉटिंगहॅमला व लंडनच्या नॉटिंग हिल भागात दंगे झाले. १९६२ मध्ये कायदा होऊन राष्ट्रकुलातील लोकांच्या प्रवेशावर पहिला निर्बंध आला. आणि १९६३ मध्ये ब्रिस्टल शहरात एक प्रकरण घडले, ते आम्हा युनियनवाल्यांनी विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. तेथील बस कंपनी काळ्या माणसाला कंडक्टर वा ड्रायव्हर म्हणून घेत नसे, आणि कामगारांच्या युनियनच्या शाखेचाही त्याला पाठिंबा होता! कारण काय? पगार तुटपुंजा, तो भरून निघे ओव्हरटाइमवर, आणि ओव्हरटाइम मिळे तो माणसे कमी असल्यामुळे. नवी माणसे आली तर ओव्हरटाइम जाईल, ही भीती. पगार वाढवून मागण्याऐवजी युनियनने दार लावून घेतले. तेव्हा शहरातल्या कॅरिबियन लोकांनी बसवर बहिष्कार पुकारला. चार महिन्यांनी कंपनी व युनियन दोघेही नमले. २८ ऑगस्ट १९६३ रोजी बंदी उठली, आणि पुढच्याच महिन्यात रघबीर सिंग नावाचे शीख गृहस्थ त्या शहराचे पहिले अश्वेत कंडक्टर झाले.

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंडाची किंमत २.८० डॉलरवरून २.४० डॉलरवर आणावी लागली. ज्या नाण्यावर साम्राज्याचा पसारा उभा राहिला, ते नाणे घसरले याचा धक्का खिशापेक्षा मनाला मोठा बसला. लागलीच सर्बिटन गावी एका कंपनीतील पाच टंकलेखक मुलींनी देशासाठी रोज अर्धा तास फुकट काम करण्याचे ठरविले, आणि ‘माझा ब्रिटनला पाठिंबा’ अशा अर्थाची मोहीम देशभर पसरली. बिल्ले निघाले, झेंडे निघाले, सदरे निघाले. त्यांतले काही सदरे पोर्तुगालमध्ये शिवलेले निघाले, ही त्यातली गंमत! युनियनवाल्यांनी फुकटच्या कामाला विरोध केला, तो योग्यच होता. काही महिन्यांत मोहीम विरून गेली. देशाभिमान आणि उद्याची काळजी यांची गाठ त्या वर्षी किती घट्ट बसली होती, हे मात्र यावरून कळते.

अशा हवेत २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये ईनॉक पॉवेल यांचे भाषण झाले. हे गृहस्थ अडाणी नव्हते. ग्रीक भाषेचे पंडित, युद्धकाळी हिंदुस्थानात सैन्यात होते, उर्दू शिकले होते, आणि कधीकाळी आपण व्हाइसरॉय व्हावे अशी त्यांची मनीषा होती. बाहेरून येणारे असेच येत राहिले तर देशात रक्तपात होईल, असा त्या भाषणाचा आशय. हुजूर पक्षाचे नेते हीथ यांनी दुसऱ्याच दिवशी त्यांना आपल्या सहकारी मंडळातून काढून टाकले. परंतु गॅलप संस्थेने लोकमत अजमावले, तेव्हा शेकडा ७४ लोकांनी पॉवेल यांच्या बाजूने कौल दिला. आणि २३ एप्रिलला लंडनच्या गोदीतले सुमारे एक हजार कामगार काम टाकून पार्लमेंटवर चालून गेले. ते आपल्या मागणीसाठी गेले नव्हते, पॉवेलसाठी गेले होते! मोर्चा म्हणजे कामगारांचे हत्यार. ते त्या दिवशी भलत्याच हाती पडले.

येथे आपले ठरीव उत्तर लंगडे पडते. त्या वर्षी ब्रिटनमधील बेकारी शेकडा अडीचच्या आसपास होती; पुढे जे दिवस आले त्यांच्या मानाने तो सुकाळच. शिवाय ब्रिटनमध्ये येणाऱ्यांपेक्षा ऑस्ट्रेलिया-कॅनडाकडे निघून जाणाऱ्यांची संख्या त्या सुमारास अधिक होती. आणि गोदीत तर परदेशी कामगार जवळजवळ नव्हताच. तेथील काम बापाकडून मुलाकडे आणि काकाकडून पुतण्याकडे जाई. बाहेरच्या गोऱ्यालासुद्धा शिरकाव मिळण्याची मारामार. मग ज्याने यांची भाकरी हिसकावली नाही, त्याच्यावर इतका राग का?

याचे उत्तर गोदीच्याच पाण्यात सापडते. ईस्ट इंडिया गोदी १९६७ मध्ये बंद झाली, सेंट कॅथरिन गोदी १९६८ मध्ये. टिलबरीला पोलादी पेटाऱ्यांची, म्हणजे कंटेनरची वाहतूक उभी राहत होती. बोटीतला माल पाठीवर काढावयास जेथे टोळ्या लागत, तेथे एक क्रेन आणि चार माणसे पुरणार होती. १९६७ च्या सुमारास ब्रिटनमध्ये पन्नास हजारांवर नोंदलेले गोदी कामगार होते. १९८९ मध्ये ते दहा हजारांहूनही कमी उरले. आज पगार मिळतो, पण आपल्या मुलाला येथे काम मिळणार नाही, आपली वस्ती, आपले गुत्ते, आपला दरारा राहणार नाही, हे त्या माणसाला हाडामासात कळत होते. कंटेनरवर मोर्चा नेता येत नाही. कंटेनरला तोंड नाही, रंग नाही. पॉवेल यांनी त्या भीतीला एक तोंड आणि एक रंग दिला. आपल्या भाषेत याला वड्याचे तेल वांग्यावर काढणे म्हणतात. जॅक डॅश यांच्यासारखे कडवे कम्युनिस्ट पुढारी त्या गोदीत होते, संपांची थोर परंपरा होती. पण या भीतीवर आधी कोणी बोलले नव्हते, म्हणून ऐन वेळी त्यांचे शब्द तोकडे पडले.

आपण मुंबईच्या जवळ राहणारे लोक. ही गोष्ट आपल्याला फार परकी वाटू नये. आपल्या गिरणगावातही जॉबरच्या ओळखीने गाववाला गाववाल्याला आणी, आणि खाते खाते एकेका मुलखाचे होऊन जाई. मुंबईच्या गोदीत टोळीवाल्यांची टोळी होती. नोंदणीचा हक्क १९४८ च्या कायद्याने आला. १९६६ मध्ये मराठी माणसाच्या नोकरीचा प्रश्न घेऊन शिवसेना उभी राहिली, ती पॉवेल यांच्या भाषणाच्या दोनच वर्षे आधी. तो प्रश्न खोटा होता असे मी म्हणत नाही. पण १९८२ च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक थांबले, आणि १९८९ मध्ये न्हावा-शेव्याचे बंदर सुरू झाल्यावर मुंबई गोदीचा कंटेनरचा धंदा पलीकडे गेला. या दोन्ही गोष्टी कोणा परप्रांतीयाने केलेल्या नव्हत्या.

असो, पुन्हा ब्रिटनकडे वळू. पुढची दहा वर्षे अधिक वाईट गेली. १९७२ मध्ये इदी अमीनने युगांडातील आशियाई लोकांना नव्वद दिवसांत हाकलले; त्यांतले सुमारे अठ्ठावीस हजार ब्रिटनला आले. ‘येथे येऊ नका’ अशी जाहिरात लेस्टर नगरपालिकेने युगांडाच्या वृत्तपत्रात दिली. १९७४ च्या आरंभी वीज पुरेना म्हणून कारखाने आठवड्यातून तीनच दिवस चालले. त्याच वर्षी लेस्टरच्या टाइपरायटर कारखान्यात आशियाई कामगारांनी संप केला, तर युनियनच्या स्थानिक अधिकाऱ्याने पाठिंबा नाकारला. १९७६ मध्ये ब्रिटनला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे हात पसरावा लागला; बेकार दहा लाखांवर गेले. परक्याविरुद्ध उठण्याची खरी वेळ हीच होती, नाही का?

पण याच वेळी ग्रनविकचा संप झाला. लंडनमधील हा छायाचित्रे धुण्याचा कारखाना. कामाला बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती बाया. सक्तीचा ओव्हरटाइम आणि अपमान यांना कंटाळून ऑगस्ट १९७६ मध्ये जयाबेन देसाई बाहेर पडल्या. या बाई मूळच्या गुजरातमधील धर्मजच्या. संपवाल्या १३७ जणांना कामावरून काढले. कारखान्याचा सगळा धंदा टपालाने चाले; तो क्रिकलवुडच्या गोऱ्या टपाल कामगारांनी आपला पगार धोक्यात घालून अडविला. १९७७ च्या जून-जुलैत यॉर्कशरचे खाणकामगार साडी नेसलेल्या या बायांच्या पाठीशी येऊन उभे राहिले. ११ जुलैच्या प्रचंड निदर्शनात लंडनच्या रॉयल गोद्यांतील कामगार-प्रतिनिधींचे निशाणही होते. नऊ वर्षांपूर्वी ज्या गोद्यांतून पॉवेलसाठी मोर्चा निघाला, त्या गोद्यांचे निशाण! खिसा १९६८ पेक्षा रिकामा होता. फरक पडला होता तो सोबत कोण उभे आहे आणि शत्रू कोण, हे कोण सांगतो यात.

या संपाचा शेवट गोड झाला, असे सांगून मी तुमची फसवणूक करणार नाही. न्यायमूर्ती स्कार्मन यांच्या चौकशीने कामगारांना परत घ्यावे अशी शिफारस केली, मालकाने ती धुडकावली. वरिष्ठ युनियनांनी हात आखडता घेतला. जयाबेन आणि त्यांचे साथी कामगार महासंघाच्या दारात उपोषणाला बसले, तर त्यांच्याच युनियनने त्यांना निलंबित केले. जुलै १९७८ मध्ये संप संपला, हाती काही न लागता. आणि ज्या १९७७ मध्ये खाणकामगार आले, त्याच वर्षी लंडनच्या निवडणुकीत वंशद्वेष्ट्या नॅशनल फ्रंटला लाखाहून अधिक मते पडली. लोकमत एका वेळी दोन तोंडांनी बोलत असते.

आजचे चित्रही असेच गुंतागुंतीचे आहे. २०१६ मध्ये युरोपीय संघातून बाहेर पडण्याच्या बाजूने शेकडा ५१.९ मते पडली. त्यामागे स्थलांतराचा राग मोठा होता. परंतु खरा ब्रिटिश होण्यासाठी ब्रिटनमध्ये जन्म हवा असे म्हणणारे २०१३ मध्ये शेकडा ७४ होते, ते २०२३ मध्ये ५५ वर आले. त्याच दहा वर्षांत देशाच्या आर्थिक कामगिरीचा अभिमान वाटणारे ५७ वरून ४४ वर उतरले. पाहा, आशा कमी झाली, तरी राष्ट्राचे दार अरुंद झाले नाही. एका पिढीने दुसऱ्या रंगाच्या मुलांशेजारी बसून शाळा केली, एकाच पाळीत काम केले, याचा हा परिणाम असावा असे मला वाटते.

तात्पर्य, परक्याचा राग रिकाम्या पोटातून आपोआप उगवत नाही. उद्याच्या भीतीत तो रुजतो, आणि ती भीती पहिल्याने ज्याच्या हाती लागते त्याच्या सांगण्याप्रमाणे वाढतो. म्हणून युनियन असो, नगरपालिका असो की शाळा असो, आपल्या माणसाच्या भीतीकडे आपण आधी लक्ष दिले पाहिजे. ‘तू चुकतोस, तू द्वेष्टा आहेस’ असे त्याला हिणवून चालणार नाही. तुझा कारखाना कोण बंद करीत आहे, तुझे काम कोणते यंत्र घेणार आहे, आणि त्याचा मोबदला तुला कसा मिळेल, हे त्याला हिशेब मांडून सांगावे लागेल. ते आपण सांगितले नाही, तर सांगणारा दुसरा कोणी येतोच.