देवळालीच्या आकाशांतील संभाषणें

इगतपुरीचा घाट चढून आलेली आगगाडी नाशिक रोडच्या अलीकडे देवळालीस थांबते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मुंबई बंदरांत उतरलेल्या गोऱ्या पलटणी प्रथम येथील छावणींत आणीत आणि नोकरीची मुदत संपलेले शिपाईही परतीच्या जहाजाची वाट पाहत येथेंच राहत. त्या रिकाम्या प्रतीक्षेनें कित्येकांचीं डोकीं फिरत, आणि त्यांतूनच इंग्रजी भाषेला वेडेपणासाठीं 'डुलाली' हा शब्द मिळाला. त्याच्या मूळ रूपास 'टॅप' असें एक शेपूट होतें. तें म्हणजे आपला 'ताप'च, हें कळल्यावर मराठी माणसाला हसूं आल्यावांचून राहत नाहीं.

दुसऱ्या महायुद्धांत हीच छावणी तोफखान्याच्या शिक्षणाचें मोठें ठाणें झाली. १९४३ च्या उत्तरार्धांत ब्रिटिश हवाईदलाचें ६५६ क्रमांकाचें स्क्वाड्रन ब्रह्मदेशाच्या आघाडीवर जाण्यापूर्वीं येथें सरावासाठीं आलें. त्याचीं ऑस्टर विमानें म्हणजे कापडानें मढविलेलीं, एका एंजिनाचीं, दिसण्यांत मुळींच ऐट नसलेलीं यंत्रें. वैमानिक मात्र हवाईदलाचा नसून तोफखान्याचा अधिकारी असे. थोड्याशाच उंचीवर, आपल्याच फौजेच्या माथ्यावर घिरट्या घालीत त्यानें गोळा कोठें पडला तें पाहावयाचें आणि बिनतारी यंत्रावरून तोफेला कळवावयाचें: पल्ला वाढवा, थोडें डावीकडे घ्या, आतां सर्व तोफा डागा. दोन गोळ्यांमधील अवधि तो केवढा! तेवढ्यांत संकेतांचीं पुस्तकें कोण चाळणार? म्हणून हें संभाषण पुष्कळसें उघड्या भाषेंत, कांहीं ठराविक शब्दांत चाले. शत्रूच्या कानीं तें पडूं शकतें हें सर्वांना ठाऊक असे. पण त्यानें ऐकून विचार करीपर्यंत पुढचा गोळा पोहोंचलेला असे.

मग नाशिकच्या एखाद्या घरांतील रेडिओवर हे शब्द ऐकूं येणें शक्य होतें काय? ऑस्टरमध्यें वापरीत तें २२ क्रमांकाचें यंत्र दर सेकंदास २० ते ८० लक्ष आवर्तनांवर, म्हणजे सुमारें १५० ते ३७ मीटरच्या लहरींवर बोले. दिवाणखान्यांतील रेडिओचा लघुलहरींचा पट्टा बहुधा ५० मीटरच्या आसपास संपे, आणि मध्यमलहरी दोनशेंच्या आगेमागे सुरू होत. मधल्या पोकळींतच लष्कराचें बरेंचसें बोलणें सांठलेलें होतें. गुपित राखलें तें सेनापतींनीं नव्हे, रेडिओच्या कारखानदारांनीं, असें म्हटल्यास फारसें चुकणार नाहीं. ही पोकळी भरून काढण्याची विद्या हौशी बिनतारीवाल्यांपाशीं होती. स्वतः गुंडाळलेल्या वेटोळ्यांनीं त्यांना हवी ती लहर पकडतां येई.

पण या हौशी लोकांचें काय झालें? १९३३ च्या बिनतारी कायद्यानें परवान्यावांचून नुसतें यंत्र बाळगणें हाही गुन्हा ठरला होता. १९३९ सालीं युद्ध सुरू होतांच परवानेधारकांना आपापले प्रक्षेपक पोलिसांच्या स्वाधीन करण्याचा हुकूम सुटला. प्रक्षेपक ब्रिटनमधील हौशी मंडळींनाही बंद करावे लागले; परंतु तेथील सरकारनें त्यांचे कान कामास लाविले. सुमारें दीड हजार स्वयंसेवक रात्रीं आपल्या घरीं बसून जर्मन हेरखात्याचे मोर्सचे संदेश टिपून घेत आणि ते कागद बार्नेट गांवच्या एका टपालपेटीच्या पत्त्यावर पाठवीत. १९४० च्या उन्हाळ्यापासून केंटच्या किनाऱ्याकडे जर्मन जाणणाऱ्या तरुणी शत्रूच्या वैमानिकांचीं आपसांतील बोलणीं ऐकूं लागल्या.  ऐकण्याची तीच विद्या एका देशांत राष्ट्रसेवा ठरली. दुसऱ्या देशांत त्याच राज्यकर्त्यांना तिच्याविषयीं प्रथम संशयच आला.

तो संशय अगदींच निराधार नव्हता, हेंही न्यायानें सांगितलें पाहिजे. २७ ऑगस्ट १९४२ पासून मुंबईंत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू झाला. त्याची लहर ४२.३४ मीटरची, म्हणजे ऑस्टरच्या यंत्राच्याच हद्दीतील. उषा मेहता आणि त्यांचे सहकारी जागा बदलीत तो चालवीत होते. १२ नोव्हेंबरला पोलिसांनीं छापा घालून तो बंद पाडला आणि उषाताईंना चार वर्षांची शिक्षा झाली. मौज अशी कीं, पोलिसांनीं तें प्रक्षेपण रोज ऐकून शब्दशः उतरून ठेविलें होतें. राजद्रोहाचा पुरावा म्हणून केलेल्या त्या टिपणांमुळेंच आज इतिहासकाराला काँग्रेस रेडिओचे शब्द वाचावयास मिळतात.

युद्धाबरोबरच विमानांचें बोलणें वरच्या पट्टीवर गेलें. दर सेकंदास दहा कोटींहून अधिक आवर्तनांच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेंत जातात. हजार फुटांवरील विमान सपाट प्रदेशांत सुमारें ४५ मैलांपर्यंतच ऐकूं येतें, आणि सह्याद्रीचा कडा मध्यें आला कीं तेवढेंही नाहीं. म्हणून विमानांचें बोलणें ऐकण्याची हौस धावपट्टीच्या आसपास राहणाऱ्यांपुरती उरली. पुढें हातांत मावणारीं यंत्रें निघालीं आणि परदेशांत ती बरीच फोफावली. पण ब्रिटनमध्यें सुद्धां आपल्यासाठीं नसलेला संदेश हेतुपुरस्सर ऐकणें कायद्यानें निषिद्धच आहे. कुंपणापाशीं उभे राहून ऐकणारे मात्र पुष्कळ आढळतात.

१५ ऑगस्ट १९४७ रोजीं भारतीय तोफखान्याची निरीक्षण-विमानांची पहिली तुकडी स्थापन झाली. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं या तुकड्यांतून स्थलसेनेचा स्वतंत्र उड्डाण-विभाग निर्माण झाला, आणि २००३ सालीं त्याचें शिक्षणकेंद्र नाशिक रोडला उभें राहिलें. ऑस्टरच्या जागीं आतां हेलिकॉप्टरें घिरट्या घालतात. तोफखान्याचें विद्यालय देवळालीसच आहे. गोळीबाराच्या मैदानावर तोफा गर्जूं लागल्या म्हणजे आसपासच्या गांवांत खिडक्यांचीं तावदानें थरथरतात. तेवढें ऐकण्यास परवाना लागत नाहीं.