पान आणि पीस : एका शब्दाची हकिकत



राजांना इतिहास असतो, लढायांना असतो, तसा शब्दांनाही असतो. आज मी ज्या शब्दाची हकिकत सांगणार आहे तो लॅटिन भाषेतला आहे : 'पिनाटुस'. इंग्रजीत त्याचा 'पिनेट' झाला. 'पिन्ना' म्हणजे पीस किंवा पंख. तेव्हा पिनेट म्हणजे पिसासारखे, किंवा पिसे धारण करणारे. वनस्पतिशास्त्रज्ञ हा शब्द पानाला लावतात. पक्षिशास्त्रज्ञांनी तो एका पक्ष्याला लावला. पानाची गोष्ट सुखाची आहे, पक्ष्याची तशी नाही. आणि दोन्हींच्या मध्ये काही हातावर पोट असलेली माणसे उभी आहेत. त्यांच्यासाठीच मी हा विषय निवडला.

प्रथम पान घेऊ. चिंचेच्या झाडाखाली उभे राहून वर पाहिले म्हणजे बारीकबारीक पानांची दाटी दिसते. परंतु आपण ज्याला चिंचेचे पान म्हणतो ते वस्तुतः पान नव्हे, पानाचा एक तुकडा आहे. मधोमध एक बारीक दांडी, तिच्या दोन्ही बाजूंस समोरासमोर दहा-वीस जोड्या. ही सगळी मिळून एक पान होते. पिसाच्या मधल्या दांड्याला दोन्ही बाजूंनी तंतू फुटलेले असतात, तशीच ही रचना. ही डहाळी नसून पान आहे, हे ओळखायचे कसे? त्याची खूण सोपी आहे. पान जिथे फांदीला जुळते तिथे, त्याच्या बेचक्यात, कळी असते. ह्या छोट्या पर्णिकांच्या बेचक्यात ती कधीच नसते. कडुनिंब, शेवगा, बाभूळ, लाजाळू, गुलमोहर ही सारी ह्याच पंथाची. कडुनिंबाचे पान एकदाच विभागलेले, बाभळीचे आणि गुलमोहराचे दोनदा, शेवग्याचे बहुधा तीनदा.

आपल्या पाठ्यपुस्तकांत ह्या पानाला 'पिच्छाकृती' म्हणतात. पिच्छ म्हणजे पीस. शब्द जड वाटतो खरा, पण पानाला पिसाची उपमा आपल्या कानाला परकी वाटण्याचे कारण नाही. संस्कृतात 'पत्र' म्हणजे पानही आणि पंखही. त्याचा धातू 'पत्', म्हणजे उडणे. 'पर्ण' म्हणजे पान, आणि गरुडाचे नाव 'सुपर्ण', म्हणजे सुंदर पंखांचा. लॅटिनमधला 'पेन्ना', म्हणजे पीस, हा शब्दही त्याच 'पत्'च्या कुळातला समजतात, आणि 'पिन्ना' हे त्याचेच दुसरे रूप मानले जाते. पिसाची लेखणी करीत म्हणून लेखणीचे नाव पेन पडले. म्हणजे आपण पेनने पत्र लिहितो तेव्हा पिसाने पानावर लिहितो! झाड आणि पाखरू ह्यांतले हे साम्य कोणा एका पंडिताला सुचलेले नाही. ते फार जुन्या माणसांच्या डोळ्यांनी टिपलेले आहे.

पंडितांनी काम केले ते दुसरे. स्वीडनच्या कार्ल लिनियसने 1751 साली वनस्पतिशास्त्राच्या तत्त्वांवर एक ग्रंथ छापला आणि पानांच्या आकारांना नेमून दिलेल्या संज्ञा त्यात मांडल्या. पिनाटुस ही त्यांतली एक. टोकाला एकटी पर्णिका असेल तर एक पोटभेद, जोडीनेच शेवट होत असेल तर दुसरा, पुन्हा विभागणी झाली असेल तर तिसरा. कारखान्यात सर्वांची फूटपट्टी एक असली तरच एकाने कापलेला भाग दुसऱ्याच्या यंत्रात बसतो. संज्ञेचे कामही तेच. स्वीडनमधल्या माणसाने 'पिनाटुस' लिहिले की मलबारातले झाड न पाहिलेल्यालाही त्याचे पान डोळ्यांसमोर आणता यावे. 1753 साली त्याने आपल्या करंजाला नाव दिले त्यात हा शब्द घातला. करंजाचे कूळ पुढे शास्त्रज्ञांनी दोन-तीनदा बदलले, पण 'पिनाटा' हे विशेषण आजही त्याच्या नावात आहे. ज्या करंजाचे तेल आपल्याकडे दिव्यात जळले, त्याच्या पानात पाच ते नऊ पर्णिका असतात आणि टोकाला एक एकटी असते.

आता पक्ष्याकडे वळू. उत्तर अमेरिकेच्या गवताळ माळावर कोंबडीएवढा, तपकिरी पट्ट्यापट्ट्यांचा एक पक्षी राहतो. नराच्या मानेवर दोन्ही बाजूंस लांब पिसांचा एकेक झुबका असतो. विणीच्या हंगामात पहाटे नर ठरलेल्या मोकळ्या जागी जमतात, हे झुबके शिंगांसारखे उभे करतात, मानेवरच्या नारिंगी पिशव्या फुगवतात आणि दूरवर जाणारा घुमारा काढतात. मार्क केट्सबी ह्या इंग्रज चित्रकाराने अमेरिकेच्या निसर्गावरील आपल्या ग्रंथाच्या 1747 सालच्या पुरवणीत त्याचे चित्र दिले. हा केट्सबी असा, की खोदकाम करणारे कारागीर परवडेनात म्हणून ताम्रपटावर चित्र कोरण्याची विद्या स्वतःच शिकला. मानेवर पंखांची नक्कल करणारी पिसे असलेला, असे त्याने पक्ष्याचे वर्णन केले. रोमन लोकांचा मदन, क्युपिड, हा पाठीवर इवलेसे पंख असलेला देव. लिनियसने 1758 साली त्यावरून पक्ष्याचे नाव 'क्युपिडो' ठेवले. इंग्रजीत ह्याच झुबक्यांवरून तो 'पिनेटेड ग्राऊस' झाला. त्याची पूर्वेकडील किनाऱ्यावरची जात 'हीथ हेन' म्हणून ओळखली जाई.

ह्या पक्ष्याची पहिली भरघोस हकिकत लिहिली ती अलेक्झांडर विल्सनने. हा स्कॉटलंडमधल्या पेझ्लीचा विणकर. एक गिरणीमालक विणकरांना मापात फसवतो, असा आरोप करणारी उपहासाची कविता त्याने लिहिली. त्याला अटक झाली आणि 1793 साली आपली कविता चव्हाट्यावर स्वतःच्या हाताने जाळण्याची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी तो अमेरिकेस गेला. तिथे शाळामास्तरकी करता करता पक्ष्यांची चित्रे काढू लागला आणि 1808 पासून अमेरिकेच्या पक्ष्यांवरचा त्याचा ग्रंथ खंडाखंडाने निघू लागला. पिनेटेड ग्राऊस त्याच्या तिसऱ्या खंडात, 1811 साली आला.

त्यात डॉक्टर सॅम्युएल मिचिल ह्यांचे एक पत्र आहे. 1791 साली न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने हीथ हेनच्या रक्षणासाठी कायदा केला. विधेयकाचे शीर्षक वाचताना अध्यक्षांनी 'हीथ हेन'च्या जागी 'हीदन', म्हणजे अधर्मी लोक, असे वाचले. आडगावच्या एका सभासदाला अधर्म्यांच्या, म्हणजे त्याच्या मते रेड इंडियन लोकांच्या, रक्षणाचे प्रयोजन कळेना! सभागृहात हशा झाला असेल. पण ज्यांच्यासाठी कायदा करायचा त्यांचे नावदेखील धड वाचले जात नाही, ही गोष्ट कायद्याकडे डोळे लावून बसणाऱ्या माणसांच्या परिचयाची आहे.

विल्सननंतरचा मोठा नोंदकार थॉमस नटॉल. जन्म 1786 साली, यॉर्कशायरमध्ये. छापखान्यात उमेदवारी केलेला हा जुळारी 1808 साली फिलाडेल्फियास आला आणि शिकला तो पायी फिरून. अमेरिकेच्या वनस्पतींच्या जातिकुळांवर त्याने 1818 साली ग्रंथ काढला. त्याचे बरेचसे खिळे त्याने स्वतः जुळवले असे सांगतात. पुढे तो हार्वर्डच्या वनस्पती-उद्यानाचा प्रमुख झाला. 1832 साली त्याने पक्ष्यांवरील पुस्तकाचा पहिला खंड काढला. म्हणजे एकाच माणसाने पिच्छाकृती पानेही मोजली आणि पिच्छधारी पक्षीही नोंदला. 1836 साली तो कॅलिफोर्नियाहून परतला ते 'अलर्ट' नावाच्या जहाजातून. खलाशांनी त्याचे नाव 'ओल्ड क्युरिअस' ठेवले. त्याच जहाजावर रिचर्ड हेन्री डेना हा हार्वर्डचा विद्यार्थी साधा खलाशी म्हणून काम करीत होता. खलाशांना होणारी मारहाण ज्याने पुढे 1840 साली पुस्तक लिहून जगापुढे मांडली तोच हा डेना.

नटॉलच्या पुस्तकात एक मजकूर आहे. कामगार-मालकांच्या करारातली कलमे वाचण्यात माझी उभी हयात गेली, त्यामुळे माझी नजर त्यावरच खिळली. तो म्हणतो, बॉस्टन जिथे वसले त्या झुडपाळ जागेत हीथ हेन पूर्वी इतकी विपुल होती, की ती आठवड्यातून ठरावीक वेळांपेक्षा अधिक जेवणात वाढू नये, अशी अट मजूर आणि नोकर मालकांकडून मान्य करून घेत. ही माहिती त्याला मॅसॅच्युसेट्सचे उपराज्यपाल विन्थ्रॉप ह्यांनी दिली. आता पुरावा म्हणून ह्याचे मोल किती? इंग्लंडातही सामन माशाबद्दल उमेदवारांच्या करारांची अशीच गोष्ट सांगतात, आणि तिथे असा करार शोधूनही हाती लागलेला नाही. तेव्हा ऐकीव गोष्ट म्हणूनच ती घ्यावी. तथापि ऐकीव गोष्टीतूनही एक खरे कळते : 1832 साली वृद्ध माणसे ह्या पक्ष्याविषयी 'होता' असे बोलू लागली होती. जो पक्षी गरिबाच्या ताटात नकोसा झाला होता, तो त्यांच्या डोळ्यांदेखत दुर्मीळ झाला.

पुढचा हिशेब थोडक्यात सांगतो. 1870च्या सुमारास हीथ हेन मुख्य भूमीवरून नाहीशी झाली. उरली ती मॅसॅच्युसेट्सजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड ह्या एका बेटावर. 1908 साली तिथे तिच्यासाठी राखीव क्षेत्र केले, तेव्हा शंभराच्या आत पक्षी होते. राखण केल्यावर संख्या वाढली. 1916च्या सुमारास ती दोन हजारांजवळ गेली असा अंदाज होता. त्याच वर्षीच्या मे महिन्यात, माद्या अंड्यांवर बसलेल्या असताना, वणवा आला. माद्या घरट्यांवरून उठल्या नाहीत. मागून कडक हिवाळा आला, ससाणे आले, पाळीव कोंबड्यांचा आणि टर्कींचा रोग आला. 1927 साली अवघे तेरा उरले, आणि त्यांत बहुतेक नर. 1928 सालच्या डिसेंबरनंतर एकच नर दिसत राहिला. ठरल्या जागी तो एकटाच येई. 1931 साली त्याला पकडून पायात कडे घातले आणि सोडून दिले. 11 मार्च 1932 रोजी तो शेवटचा दिसला.

वणवा, हिवाळा, ससाणे, रोग ही कारणे खरी. पण ती शेवटची कारणे. शेकडो मैलांच्या किनाऱ्यावर पसरलेल्या जातीला वणव्याने काही होत नाही. ती एका बेटावर कोंडली गेली, म्हणून एका वणव्याने तिचे कंबरडे मोडले. बंदूक, बाजार आणि मोडलेली झुडपी राने ह्यांनी तिला त्या बेटावर नेऊन ठेवले होते. कायदा 1791 सालीच झाला होता. त्याची अंमलबजावणी करणारा रखवालदार नेमायला शंभरावर वर्षे लागली. कागदावरचे कलम आणि त्याच्यामागे उभा राहणारा माणूस ह्यांतले अंतर किती असते, ते ह्या एका पक्ष्याने दाखवून दिले. पश्चिमेकडचे तिचे भाऊबंद कॅन्सस-नेब्रास्काच्या माळांवर अजून घुमतात, तेही तिथे माळ शिल्लक आहे म्हणून.

शब्द मात्र दोन्ही राहिले. पानाला लावलेला 'पिनाटा' रोज नव्याने खरा ठरतो, कारण करंज रस्त्यारस्त्याला आहे. हीथ हेनला लावलेला 'पिनेटेड' आता एका विणकराच्या आणि एका जुळाऱ्याच्या पुस्तकात उरला. त्यांनी नीट पाहून, मोजून, नेमका शब्द घालून लिहिले म्हणून तेवढे तरी आपल्याला कळते. शास्त्र हे कमी शिकलेल्यांचे काम नव्हे असे जे समजतात, त्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावी. आणि नाव ठेवले, नोंद केली म्हणजे कर्तव्य संपले असे जे समजतात, त्यांनी त्या बेटावरचा शेवटचा नर ध्यानात ठेवावा.

हे वसंताचे दिवस आहेत. करंजाला ह्या दिवसांत कोवळी, चकचकीत पालवी असते. जाताना एक पान हातात घ्या, पर्णिका मोजा, बेचक्यातली कळी शोधा. शब्द जतन करण्याची सुरुवात तिथून होते. ज्या वस्तूचा तो शब्द आहे तिला जतन करण्याचीही.