एडका

एडका : पैदाशीसाठी राखलेला, खच्ची न केलेला नर मेंढा. शास्त्रीय नाव ओव्हिस एरीज. बोव्हिडी कुलातल्या या प्राण्याचा सगळ्यात जवळचा पाळीव नातलग म्हणजे शेळी. पण मेंढीची गुणसूत्रे ५४ आणि शेळीची ६०, त्यामुळे दोघांच्या संकरातून जगणारे पिल्लू क्वचितच निपजते. पश्चिम आशियातल्या मुफ्लॉन या रानमेंढ्यापासून सुमारे १०,००० वर्षांपूर्वी मेंढी माणसाळली. माणसाळताना तिचा रंग, लोकर, शेपूट, कान सगळे बदलले. नराचा स्वभाव मात्र फारसा बदलला नाही.

बोकड आणि एडका दुरून सारखे वाटले तरी मेंढपाळाची गल्लत होत नाही. बोकडाला दाढी असते आणि शेपूट वर उचललेले. एडक्याला दाढी नसते आणि शेपूट खाली लोंबते. एडक्याच्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यापुढे, चारही पायांच्या खुरांमध्ये आणि जांघेत गंधग्रंथी असतात. माजाच्या दिवसांत त्याच्या लोकरीतल्या तेलकट स्रावाचा वास उग्र होतो, पण बोकडाइतका दूरवर जात नाही. दोघांची लढण्याची रीतही वेगळी. बोकड मागच्या दोन पायांवर उभा राहून वरून डोके आपटतो. एडका मान खाली घालून जमिनीलगत सरळ धावत येतो. एका गोठ्यात दोघांना कोंडले तर बोकड अजून हवेत असतानाच एडक्याची धडक त्याच्या पोटात बसते, म्हणून जाणते लोक तसे कोंडत नाहीत.

शिंगे : शिंग म्हणजे आत हाडाचा गाभा आणि त्यावर केराटिनाचे, म्हणजे नखाच्याच द्रव्याचे आवरण. सांबराच्या शिंगांसारखे ते दरसाल गळत नाही, जन्मभर वाढते. मेरिनोसारख्या जातींत एडक्याला वळणदार शिंगे आणि मेंढी बोडकी असते. काही जातींत दोघांनाही शिंगे, तर काहींत कोणालाच नाहीत. वाढ पुरुषसंप्रेरकावर अवलंबून असल्याने लहानपणी खच्ची केलेल्या कोकराची शिंगे खुरटतात. मोठी शिंगे म्हणजे चांगला एडका, हा समज जगभर आहे आणि तो अर्धाच खरा आहे. स्कॉटलंडजवळच्या सेंट किल्डा बेटांवर मोकळ्या फिरणाऱ्या सोए मेंढ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात मोठ्या शिंगांचे जनुक दोन्हीकडून मिळालेल्या एडक्यांना पिल्ले जास्त झाली, पण एक मोठ्या आणि एक लहान शिंगांचे जनुक असलेले एडके अधिक काळ जगले. शेवटी हिशेबात हे मिश्र जनुकवालेच सरस ठरले, आणि म्हणूनच लहान शिंगांचे जनुक त्या बेटांवरून नाहीसे होत नाही.

टक्कर : दोन एडके भिडण्याआधी बराच वेळ शेजारी-शेजारी उभे राहतात, एकमेकांना हुंगतात, पुढच्या पायाने हलकी लाथ देतात, खांदा लावून रेटतात. मग पाठीमागे सरतात. हे मागे सरणे म्हणजे माघार नव्हे. धाव घ्यायला जागा करणे. पुढची धडक कपाळावर कपाळ अशी असते आणि चुकून ती मानेवर किंवा बरगडीवर बसली तर एका टकरीतही एडका मरू शकतो. रानमेंढ्यांवर वर्षानुवर्षे काम करून १९७१ मध्ये ग्रंथ लिहिणाऱ्या व्हॅलेरियस गाइस्ट यांनी दाखवले, की शिंगांचा आकार हा मुळात दर्जा सांगणारा बिल्ला आहे. स्पष्ट लहानमोठे असलेले नर सहसा झुंजत नाहीत. झुंज पेटते ती तोलामोलाच्या दोघांत. कवटीत हाडांचे दुहेरी थर आणि मध्ये पोकळ्या असल्याने मेंदूला इजा होत नाही असे पूर्वी ठामपणे सांगत. २०२२ मध्ये कस्तुरी-बैल आणि बिगहॉर्न रानमेंढे यांच्या मेंदूंची तपासणी झाली, तेव्हा आघाताच्या खुणा सापडल्या. म्हणजे टकरीची किंमत त्यांनाही मोजावी लागते.

महाराष्ट्रात एडक्यांच्या टकरी जत्रांमधून लावल्या जात. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ नुसार प्राण्यांना झुंजायला चिथावणे हा गुन्हा आहे. तरी झुंजीसाठी एडका पोसण्याची हौस पुरती मेलेली नाही.

कळपात : मेंढीचे सगळे शहाणपण कळपात आहे. तिच्या डोळ्यांच्या बाहुल्या आडव्या असल्याने मागे वळल्याशिवाय बराचसा भोवताल दिसतो, आणि शेजारीण पळाली की ती पळते. तुकाराम महाराजांच्या पालखीभोवती बारामती तालुक्यातल्या काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते ते याच स्वभावाच्या बळावर. पुढच्या दोन-चार वळल्या की बाकीच्यांना सांगावे लागत नाही. मेंढ्या मठ्ठ असतात ही समजूत मात्र सोडून द्यावी. केंब्रिजजवळच्या बाब्रॅहम संस्थेतल्या संशोधकांनी २००१ मध्ये दाखवले, की मेंढी इतर ५० मेंढ्यांचे चेहरे ओळखते आणि दोन वर्षांनंतरही विसरत नाही. एडक्यांमध्येही हीच स्मरणशक्ती कामी येते. एकदा ठरलेला मान रोज नव्याने ठरवावा लागत नाही. पण दोन एडके काही आठवडे वेगळे ठेवून पुन्हा एकत्र आणले तर हिशेब पहिल्यापासून सुरू होतो. त्यासाठी त्यांना एक-दोन दिवस इतक्या अरुंद जागेत दाटीने ठेवतात, की मागे सरायलाच वाव मिळत नाही. धाव नाही तर धडकही नाही, आणि एकमेकांचा वास अंगाला लागला की राग निवतो.

माज आणि मीलन : गाय माजावर आली की हंबरते, म्हैस आरडते, मेंढी गप्प असते. तिचा माज माणसाला जवळजवळ कळत नाही, एडक्याला कळतो. तो मेंढीच्या मागे मान लांबवून, डोके खाली घालून जातो, तिचे मूत्र हुंगतो आणि मग तोंड वर करून वरचा ओठ दुमडतो. माणसाला तो हसतोय असे वाटते. प्रत्यक्षात तो वास टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत ओढून घेत असतो. मेंढी तयार नसेल तर तो दुसरीकडे वळतो. तयार असेल तर जीभ आतबाहेर करीत घशातून गुरगुरतो, पुढच्या पायाने तिला टोचतो. ती जागेवर थांबली की मीलन काही सेकंदांत उरकते. माजाचे चक्र साधारण १७ दिवसांचे, माज एक ते दीड दिवसाचा आणि गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा. कोणती मेंढी लागली हे कळण्यासाठी मोठ्या फार्मवर एडक्याच्या छातीला रंग लावतात, तो मेंढीच्या पाठीवर उतरतो.

सगळेच एडके मेंढ्यांकडे वळत नाहीत. अमेरिकेत ओरेगॉनमधील चार्ल्स रोझेली आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात सुमारे ८ टक्के एडके, निवड करायला मिळाली असता, सतत दुसऱ्या एडक्याकडेच वळले. त्यांच्या मेंदूतल्या एका ठरावीक पेशीपुंजाचा आकार मेंढ्यांकडे वळणाऱ्या एडक्यांच्या तुलनेत सुमारे निम्मा होता. काही एडके तर कोणाकडेच वळत नाहीत. मेंढपाळाच्या दृष्टीने यातला व्यवहार सरळ आहे : अंगापिंडाने देखणा एडका विकत घेताना त्याचा हा कल कळत नाही, मेंढ्या रिकाम्या राहिल्यावर कळते.

एडक्याचा नुसता वावरही परिणाम करतो. माजावर नसलेल्या मेंढ्यांना काही आठवडे एडक्याच्या वासापासूनही दूर ठेवले आणि मग अचानक एडका सोडला, तर काही तासांत त्यांच्या रक्तातली संप्रेरके उसळतात आणि पुष्कळ मेंढ्या एकदमच माजावर येतात. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९४४ मध्ये याची पहिली शास्त्रीय नोंद झाली. एडका बारा महिने कळपातच असला तर हा फायदा मिळत नाही. आपल्याकडे तो बहुधा कळपातच असतो.

थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की एडका आणि मेंढी दोघेही माजावर येतात. दख्खनच्या पठारावर दिवसाच्या लांबीपेक्षा चाऱ्याचे राज्य आहे. पहिल्या पावसाने रान हिरवे झाले, आषाढात मेंढ्या लागल्या, की मार्गशीर्षात कोकरे येतात. नेमकी तेव्हा मेंढपाळांची दिवाळीनंतरची भटकंती सुरू असते, आणि नुकती व्यालेली मेंढी व घोड्याच्या पाठीवरच्या टोपलीतली कोकरे हा वाड्याचा, म्हणजे त्यांच्या फिरत्या तांड्याचा, नेहमीचा बोजा असतो.

ऊन आणि वृषण : एडक्याचे वृषण शरीराच्या मानाने फार मोठे असतात, वळूपेक्षा कितीतरी अधिक. एका वेळचे वीर्य जेमतेम १ मिलिलिटर, पण त्यात २ ते ४ अब्ज शुक्राणू असतात. म्हणूनच एक एडका २५-३० मेंढ्यांना सहज पुरतो. मात्र शुक्राणू तयार होण्यासाठी वृषणांना शरीरापेक्षा काही अंश थंड राहावे लागते. मेंढीच्या शरीराचे तापमान ३९ अंश सेल्सियसच्या आसपास. कडक उन्हात वृषण तापले की बीज बिघडते. बीज तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागतात, म्हणून नुकसान आज होते आणि दिसते काही आठवड्यांनी. मे महिन्यात सावलीविना ठेवलेला एडका जुलैत मेंढ्यांवर चढतो, उत्साहाने चढतो, पण मेंढ्या गाभ धरत नाहीत. दोष मग पावसाला दिला जातो.

माणसाशी वागणूक : सगळ्यात धोकादायक एडका तो, जो लहानपणी बाटलीने दूध पाजून घरात वाढवला. त्याला माणसाची भीती नसते. तो माणसाला बरोबरीचा नर समजतो. कोकराच्या कपाळावर हात ठेवून ढकलण्याचा खेळ मुलांना आवडतो आणि टकरीचा पहिला धडा तोच असतो. मोठ्या एडक्याकडे पाठ करू नये, त्याच्यासमोर वाकू नये, आणि तो मागे सरताना दिसला तर तो घाबरला असे समजू नये.

निवड : महाराष्ट्रातली मुख्य जात दख्खनी : बहुधा काळी, लोकर जाडीभरडी, दुष्काळाला चिवट. लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे तिचे प्रकार मानतात. सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातल्या माडग्याळ गावच्या नावाची मेंढी उंच, पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांची, लांब लोंबत्या कानांची. तिच्या एडक्याचे नाक पोपटाच्या चोचीसारखे बाकदार असते. या नाकाला बाजारात वेडे मोल आहे. २०२० च्या अखेरीस आटपाडीच्या बाजारात एका माडग्याळ एडक्याला ७० लाख रुपयांची बोली लागली आणि मालकाने ती नाकारली, ही बातमी राज्यभर गाजली. नाकाच्या बाकाने कोकरांची संख्या वाढत नाही, वजनही नाही; तरी हौसेला मोल असते आणि त्या हौसेने एक देखणी जात टिकून राहिली हेही खरे.

याच्या अगदी उलट टोकाचे काम फलटणला झाले. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. चंदा निंबकर यांच्या नेतृत्वाखाली १९९० च्या दशकात बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळे या बुटक्या मेंढीचे जुळी देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले गेले. दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. या जनुकाची एक प्रत मिळाली तरी जुळ्यांचे प्रमाण खूप वाढते. यातून 'नारी सुवर्णा' ही मेंढी तयार झाली. गंमत अशी, की हे जनुक बाळगणाऱ्या एडक्याच्या अंगावर त्याची एकही खूण नसते. ना शिंगात, ना नाकात, ना चालीत. ते रक्ताच्या तपासणीत दिसते आणि मग त्याच्या लेकींच्या पोटी. एडका हा निम्मा कळप असतो, असे मेंढीपालक सांगतात. पण तो निम्मा कोणता हे डोळ्यांनी ओळखता येत नाही. १९७८ मध्ये स्थापन झालेले राज्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ दहिवडी, महूद, रांजणी अशा प्रक्षेत्रांवरून पैदाशीचे एडके पुरवते. एकाच कळपातला एडका वर्षानुवर्षे वापरून होणारी नात्यातली पैदास टाळणे, हा या पुरवठ्याचा सगळ्यात साधा उपयोग आहे.

आखातात : अबुधाबी शहराच्या मुख्य भूमीवर, मुसफ्फा औद्योगिक वसाहतीला लागून असलेल्या मोहम्मद बिन झायद सिटीत भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. तिथल्या मराठी माणसाला एडका भेटतो तो बहुधा बकरी ईदच्या आधीच्या दिवसांत. कुर्बानीच्या जनावराची अट दोषमुक्ततेची : आंधळे, लंगडे, आजारी किंवा हाडकुळे जनावर चालत नाही. म्हणून ग्राहक दात बघतो, पाठ दाबून बघतो, चालवून बघतो. घरात किंवा रस्त्यावर कापण्यास तिथे मनाई आहे. जवळच्या बनी यास भागात पालिकेचा कत्तलखाना आहे. बाजारात मान असतो नुऐमी आणि नज्दी जातींना. नज्दी मेंढा काळा, पांढऱ्या तोंडाचा, लांब केसांचा; नुऐमीचे तोंड तपकिरी आणि शेपटीला चरबीचा रुंद, जड पडदा. उंटाच्या कुबडाप्रमाणे ही चरबी टंचाईच्या दिवसांची शिदोरी.

भारतातूनही नर मेंढे-बोकड आखातात जातात. नाशिकजवळच्या ओझर विमानतळावरून शारजाला जिवंत मेंढ्या-शेळ्या मालवाहू विमानाने पाठवल्या गेल्या. नागपूरहून शारजाला अशीच पाठवणी २०१८ मध्ये ठरली होती; विरोध झाल्यावर ती स्थगित झाली.

तिकडे पैदास करणाऱ्याची एक अडचण आपल्याकडे उद्भवतच नाही. चरबीच्या शेपटीची मेंढी मीलनाच्या वेळी शेपूट पुरेशी बाजूला करू शकत नाही. तिच्याच जातीचा एडका छातीने ते जड शेपूट बाजूला लोटायला शिकलेला असतो. दख्खनीसारख्या बारीक शेपटीच्या जातीचा एडका अशा मेंढीवर सोडला तर तो वारंवार प्रयत्न करूनही फसतो. तेव्हा एखाद्या माणसाने शेजारी उभे राहून शेपूट धरावे लागते, नाहीतर कृत्रिम रेतन करावे लागते.