मुळांशी जोडलेली बुरशी

विश्रांतवाडीतल्या माझ्या रोपवाटिकेत गिऱ्हाईक मायकोरायझाचं पाकीट हातात घेऊन विचारतं, "हे नवीन निघालंय का?" नवीन कसलं! मूळ आणि बुरशी यांच्या या भागीदारीला जर्मनीच्या आल्बर्ट फ्रँकनं १८८५ साली नाव दिलं. आपल्या बाजूला तिची खरी कड घेतली सर आल्बर्ट हॉवर्ड यांनी. १९२४ ते १९३१ ते होळकरांच्या इंदूरला होते, तिथं त्यांनी कंपोस्टची पद्धत बसवली. पुढे १९४०च्या 'ॲन ॲग्रिकल्चरल टेस्टामेंट'मध्ये त्यांनी ठासून मांडलं, की कुजलेल्या खताचं बळ पिकाला पोचतं त्यात या बुरशीचा मोठा वाटा आहे. मला हा माणूस फार मोठा वाटतो. पण पुढं जमाना आला रासायनिक खताच्या गोणीचा.

तरी अभ्यास थांबला नाही. संशोधक बार्बरा मॉसबाईंनी १९५३ साली इंग्लंडात स्ट्रॉबेरीच्या मुळांतल्या या बुरशीवरचं आपलं काम छापलं. बुरशीचे तंतू मुळाच्या आवाक्याबाहेर जाऊन स्फुरद आणतात, बदल्यात झाडाकडून साखर घेतात. ही बुरशी जिवंत मुळाशिवाय वाढतच नाही, म्हणून मका-ज्वारीच्या मुळांवर पोसावी लागते. खत नियंत्रण आदेशात तिला जागा मिळाली २००९ साली.

कांदा, डाळिंब, ऊस यांना जरूर द्या. कोबी, फ्लॉवर, मोहरीला नको, त्यांची मुळं तिला थारा देत नाहीत. पावडर मुळाला लागेल अशी टाका, आणि त्याच खड्ड्यात सुपर फॉस्फेट ओतू नका.