एक प्रवास, दोन मराठी नावं : फ्लॉरेन्स ते मोंतोने

आजची गोष्ट माझ्या इटलीच्या सहलीतल्या अशा एका दिवसाची, ज्या दिवशी पाहण्यासारखं काहीच ठरलेलं नव्हतं. सकाळी फ्लॉरेन्स सोडायचं, रेल्वेने उंब्रिया प्रांतात जायचं, संध्याकाळी नव्या गावात सामान टाकायचं. सहलीच्या कागदावर त्या दिवसापुढे फक्त ‘प्रवास’ असं लिहिलं होतं. पण मी मनातून याच दिवसाची वाट पाहत होतो.

गाडी दुपारची होती. सकाळी मी आणि पत्नी कास्चिने नावाच्या मोठ्या बागेत गेलो. आर्नो नदीच्या काठाने ही बाग लांबवर पसरली आहे. तिच्या अगदी पश्चिम टोकाला मुन्योने नावाची छोटी नदी आर्नोला मिळते. त्या संगमावर एक छत्री उभी आहे आणि छत्रीखाली फेटा बांधलेल्या एका तरुणाचा अर्धपुतळा. हे कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजला यांचंच नाव आहे.

१८७० साली महाराज इंग्लंडला गेले होते. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबरला फ्लॉरेन्समध्ये त्यांचं निधन झालं. वय अवघं वीस. तेव्हा फ्लॉरेन्स ही इटलीची राजधानी होती आणि त्या देशात दहनाची रीत नव्हती. खास परवानगी मिळवून याच संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. छत्री १८७४ साली उभी राहिली. तिचा आराखडा चार्ल्स मँट यांचा. बडोद्याच्या प्रेक्षकांना हे नाव ओळखीचं वाटेल, कारण लक्ष्मीविलास राजवाड्याचे मूळ वास्तुकार तेच. पुढे १९७० च्या दशकात इथून जवळच आर्नोवर मोठा पूल झाला, त्याला लोक ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात. रोज त्यावरून जाणाऱ्यांपैकी किती जणांना हा भारतीय कोण ते माहीत असेल, सांगता येत नाही. पण नाव टिकलं आहे.

दुपारी गाडीत बसलो. इथे कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. मी विसरलो होतो. पत्नीला आठवलं म्हणून धावत जाऊन मारून आलो. आरेत्सो मागे पडलं, तेरोंतोलाला गाडी बदलली. मग उजव्या हाताला त्रासिमेनो सरोवर दिसू लागलं. इसवी सनापूर्वी २१७ मध्ये याच काठावर हॅनिबलने रोमन सैन्याला कोंडीत पकडून मारलं.

मी मात्र दुसऱ्याच लढाईचा विचार करत होतो. माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या घरी त्यांच्या पत्र्याच्या ट्रंकेत ‘इटली स्टार’ हे पदक होतं. आम्ही मुलं विचारायचो, “आजोबा, इटलीत काय केलंत?” ते म्हणायचे, “चाललो. डोंगर चढलो, डोंगर उतरलो.” बस, एवढंच.

पेरुजाला उतरून गाडी केली आणि तिबेर नदीच्या खोऱ्यातून वर गेलो. टेकडीवर मोंतोने नावाचं जुनं गाव आहे. या खोऱ्यात १० जुलै १९४४ रोजी नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडीवर जवळून मशीनगनचा मारा झाला. त्यांच्या सेक्शनमधले सगळे मेले किंवा जखमी झाले, उभे राहिले ते एकटेच. त्यांनी ग्रेनेड टाकून मशीनगन निकामी केली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, तेव्हा बंदूक नळीकडून धरून दस्त्याने लढले. ठाणं घेतलं आणि तिथेच शत्रूच्या नेमबाजांच्या गोळ्या लागून पडले. कोकणातल्या माणगाव तालुक्यातल्या पळसगावचा हा बावीस वर्षांचा मुलगा. देह कधी मिळाला नाही. कासिनोच्या स्मारकावर फक्त नाव आहे.

इटलीतल्या मोहिमेत २० व्हिक्टोरिया क्रॉस दिले गेले. त्यातले ६ भारतीय सैन्यातल्या जवानांना मिळाले आणि त्या सहांत घाडगे आणि नामदेव जाधव हे दोघे मराठी होते.

मोंतोनेच्या लोकांनी २०२३ साली घाडग्यांच्या नावाने सूर्यघड्याळाच्या रूपातलं स्मारक उभारलं. आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं ब्रीद आहे. तिथे उभा राहून मी भोवतालच्या टेकड्या पाहिल्या. एकामागे एक, संपतच नव्हत्या. आजोबा टाळाटाळ करत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. “चढलो, उतरलो” यात त्यांनी सगळं सांगितलं होतं. पुढचा प्रश्न विचारायचं आमच्याकडून राहून गेलं.

राजाची छत्री दीडशे वर्षं उभी आहे. नाइकाला त्या खोऱ्यात स्मारक मिळायला जवळपास ऐंशी वर्षं लागली. माझ्या आजोबांसारखे हजारो जण परत आले, त्यांचं कुठेच काही नाही. म्हणून एक विनंती. तुम्ही इंदूरला असा, बेळगावला, बडोद्याला किंवा तंजावरला, घरात अशी एखादी ट्रंक असेल तर उघडा. पदकावर क्रमांक कोरलेला असेल तर तो लिहून घ्या. आणि घरात कुणी सांगणारं उरलं असेल, तर आजच त्यांच्याजवळ जाऊन बसा.