चारापात्र

चारापात्र : माशांना आकृष्ट करणारा चारा पाण्याच्या पृष्ठभागावर न विखुरता थेट तळाशी किंवा ठरावीक खोलीवर नेऊन तेथेच मोकळा करणारे, गळाच्या मासेमारीतील एक साधन. या नोंदीत गळाला लावलेल्या खाद्यास आमिष आणि मासे जमावेत म्हणून त्याच्या आसपास सोडलेल्या खाद्यास चारा म्हटले आहे. इंग्लंडमधील नद्यांवर प्रचलित असलेली, तळाला टेकताच उघडणारी ‘बेट ड्रॉपर’ ही पेटी आणि गळाच्या दोरीलाच जोडलेली ‘स्विमफीडर’ ही सच्छिद्र नळी हे या साधनाचे दोन मुख्य प्रकार होत. जपानमधील ‘कोमासे’ पिंजरा, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील ‘चम पॉट’ आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड या देशांतील ‘बर्ली पॉट’ ही त्याचीच सागरी रूपे आहेत.

प्रयोजन : वाहत्या पाण्यात मूठभर चारा फेकणे सोपे असले, तरी तो नेमका कोठे पोहोचेल हे सांगणे कठीण असते. दोन मीटर खोल आणि सेकंदाला अर्धा मीटर वेगाने वाहणाऱ्या पात्रात, सेकंदाला दहा सेंटिमीटर या गतीने बुडणारा दाणा तळ गाठण्यास वीस सेकंद घेतो आणि तेवढ्या अवकाशात प्रवाह त्याला सुमारे दहा मीटर खाली वाहून नेतो. दाणे, अळ्या आणि पिठाचे कण यांची बुडण्याची गती सारखी नसल्यामुळे एकाच मुठीतील खाद्य निरनिराळ्या ठिकाणी पडते, मधल्या थरांत वावरणारे लहान मासे त्यातील पुष्कळसे वाटेतच गिळून टाकतात, आणि ज्या तळवासी माशासाठी हा सारा खटाटोप करावयाचा, तो एक तर त्याला मुकतो किंवा चाऱ्याच्या मागोमाग गळापासून दूर निघून जातो. अंदाजाने फेकलेला चारा माशांना एकत्र आणण्याऐवजी त्यांची पांगापांग करतो, हा अनुभव प्रवाहावर गळ टाकणाऱ्या प्रत्येकास येतो. आणि चारापात्राची सारी निर्मिती याच अडचणीच्या परिहारार्थ झालेली आहे.

माशांच्या ज्ञानेंद्रियांची घडणही या योजनेस अनुकूल असते. युरोपातील नद्यांत राहणारा बार्बेल (बार्बस बार्बस) हा मासा याचे उत्तम उदाहरण होय. त्याचे मुख डोक्याच्या खालच्या बाजूस असून मुखाजवळ स्पर्शमिशांच्या दोन जोड्या असतात. या मिशांवर रुचिकलिका असल्यामुळे गढूळ पाण्यात किंवा रात्रीच्या अंधारातही तो तळाच्या खडीवरून फिरता फिरता खाद्याची परीक्षा करू शकतो. चाऱ्यातून पाझरणारी अमिनो अम्ले व इतर विद्राव्य द्रव्ये प्रवाहाबरोबर खाली पसरतात आणि त्यांचा माग काढीत मासे प्रवाहाविरुद्ध वर सरकतात. हा माग एकाच स्थिर स्थानापासून निघत असेल, तर मासेही त्याच स्थानी येऊन ठरतात. तो दहा ठिकाणांहून निघू लागला, तर त्याची दिशा हरवते. म्हणून चारा किती घातला यापेक्षा तो कोठे घातला यास अधिक महत्त्व आहे.

पूर्वपीठिका : चारा घालून मासे जमवण्याची चाल पुष्कळ जुनी आहे. आयझॅक वॉल्टन याने 1653 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या मासेमारीवरील सुविख्यात इंग्रजी ग्रंथात, ब्रीम नावाच्या माशासाठी जवाचे मोड आणून वाळवलेले जाडेभरडे धान्य शिजवून पाण्यात सोडण्याची तपशीलवार कृती दिली आहे. एकोणिसाव्या शतकात टेम्स नदीवर बार्बेल धरणारे लोक गांडुळे मोठ्या संख्येने खर्च करीत आणि ती वाहून जाऊ नयेत म्हणून चिकणमातीच्या गोळ्यांत कोंबून तळाशी टाकीत. गोळा जड असल्यामुळे सरळ बुडे आणि माती हळूहळू विरघळली म्हणजे आतील गांडुळे मोकळी होत. आधी बंदिस्त ठेवणे आणि योग्य स्थानी पोहोचल्यावर मुक्त करणे हे चारापात्राचे मूलतत्त्व या मातीच्या गोळ्यात पूर्णपणे अंतर्भूत झालेले दिसते. पुढील कारागिरांनी मातीऐवजी पत्रा, तार आणि प्लॅस्टिक यांची योजना केली, इतकेच.

तळाशी उघडणारी पेटी : बेट ड्रॉपर ही छिद्रे पाडलेल्या पत्र्याची किंवा तारेच्या जाळीची लहान पेटी असते. तिच्या एका बाजूस बिजागरीवर फिरणारे झाकण असून ते एका अडसराने बंद राहते. हा अडसर पेटीच्या खाली लोंबणाऱ्या, वजन लावलेल्या तारेशी जोडलेला असतो. पेटी पाण्यात उतरत असता वजनाच्या ओढीने तार ताणलेली राहते व अडसर आपल्या जागी घट्ट बसतो. वजन तळाला टेकताच तार वर ढकलली जाते, अडसर सुटतो, झाकण उघडते आणि आतील सर्व चारा एका हप्त्यात तळावर रिता होतो. छिद्रांतून पाणी आत शिरत असल्याने हवा कोंडून राहत नाही व पेटी सत्वर बुडते. यात कमान नाही, चावी नाही आणि वरून ओढावयाची वेगळी दोरीही नाही. तळाचा स्पर्श हाच उघडण्याचा हुकूम होय. इतक्या अल्प सामग्रीत इतके अचूक कार्य साधणारी रचना मासेमारीच्या साहित्यात विरळा आढळते.

पेटी जोराने भिरकावल्यास झाकण वाटेतच उघडण्याचा संभव असतो, सबब ती मजबूत काठी व जाड दोरी यांच्या साहाय्याने झोका देऊन अलगद सोडण्याचा शिरस्ता आहे. काठापासून फार दूर तिचा उपयोग होत नाही. प्रथम दहावीस खेपांनी एकाच जागी चारा घालावा, नंतर काही काळ ती जागा निवांत ठेवावी, म्हणजे मासे निर्भयपणे खाऊ लागतात, आणि त्यानंतरच गळ सोडावा, अशी जाणत्यांची रीत आहे. हा मधला विराम अधीर माणसास जड जातो. परंतु ज्या जागेवर खाद्य मिळते आणि अपाय होत नाही असा माशांचा विश्वास बसला, तीच जागा पुढे फलदायी ठरते.

दोरीला जोडलेली नळी : स्विमफीडर हा प्रकार गळाच्या दोरीतच समाविष्ट असल्यामुळे प्रत्येक फेकीबरोबर थोडा चारा आणि आमिष ही दोन्ही जवळजवळ एकाच ठिकाणी पोहोचतात. प्लॅस्टिकची सच्छिद्र नळी, तिच्या कडेला धातूची वजनदार पट्टी आणि दोरी ओवण्यासाठी कडी, एवढीच तिची अंगे. दोन्ही टोकांना झाकणे असलेल्या नळीत जिवंत अळ्या भरतात. त्या वळवळत छिद्रांतून आपण होऊन बाहेर पडतात. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीच्या मध्यभागी अळ्या किंवा दाणे भरून मुखे पावाच्या चुऱ्याच्या ओलसर लगद्याने बंद केली जातात. पाण्याने लगदा सुटतो व चारा बाहेर येतो. तारेच्या पिंजऱ्यासारखा प्रकार उथळ किंवा संथ पाण्यात उपयोगी पडतो, कारण त्यातून चारा लवकर पसरतो.

‘मेथड फीडर’ या नावाचा प्रकार तलावांतील कार्प माशांसाठी विशेष रूढ आहे. त्यात नळी नसतेच. चपट्या, कंगोरे असलेल्या तळपट्टीवर चिकट चारा साच्याने दाबून बसवतात आणि सुमारे दहा सेंटिमीटर लांबीच्या आखूड दोरीवरील आमिष त्याच चाऱ्यात किंवा त्याच्यावर ठेवतात. पात्राच्या वजनाची निवड प्रवाहावर अवलंबून असते. संथ जलाशयात वीसतीस ग्रॅम पुरतात. ट्रेंट किंवा सेव्हर्न यांसारख्या नदीला पाणी चढले असता दोन ते चार औंसांचे, म्हणजे सुमारे 57 ते 113 ग्रॅमांचे पात्रही लागते. पात्र तळावर स्थिर राहील, परंतु माशाने ओढ देताच हलेल, इतकेच वजन इष्ट मानतात. तसे असले म्हणजे मासा लागल्यावर पात्र सुटून दोरी एकाएकी सैल पडते आणि वाकलेले काठीचे टोक सरळ होते.

चारा व त्याचे प्रमाण : अळ्या, त्यांचे कोश, भिजवलेल्या खाद्यगोळ्या, पावाचा चुरा, मक्याचे दाणे आणि शिजवून फुटलेले भांगेचे बी हे प्रमुख पदार्थ होत. भांगेच्या बियांविषयी इंग्लंडमध्ये एके काळी मोठा वाद होता. त्यांनी माशांना गुंगी येते अशा समजुतीने काही पाण्यांवर त्यांची मनाईही झाली होती. शिजवलेले बी जड असल्याने तळाशी राहते, आकाराने बारीक असल्याने मासे ते दीर्घकाळ टिपीत बसतात आणि इतक्या लहान दाण्यांनी त्यांची क्षुधा लवकर शमत नाही, हे त्याच्या लोकप्रियतेचे खरे कारण होय. माशाला भुलवावयाचे असते, तृप्त करावयाचे नसते. तृप्त मासा आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि न खाल्लेला चारा तळाशी कुजत राहतो. चारापात्राच्या मर्यादित आकारमानामुळे गळ टाकणाऱ्याच्या हाताला आपोआप जे बंधन पडते, ते या साधनाच्या गुणांपैकी मोठा गुण समजले पाहिजे.

सेव्हर्न नदीवरील प्रसार : सेव्हर्न नदीत बार्बेल मूळचा नव्हे. 1956 मध्ये केनेट नदीतून आणलेले सुमारे पाचशे बार्बेल तीत सोडण्यात आले. खडीचा तळ व वेगवान पाणी मानवल्याने त्यांची वाढ झपाट्याने झाली. पुढे 1970 नंतरच्या दशकात अळ्यांनी भरलेल्या झाकणबंद नळीचा या नदीवर इतका बोलबाला झाला, की बार्बेल आणि स्विमफीडर ही नावे जोडीनेच उच्चारली जाऊ लागली.

सागरी प्रकार : जपानमध्ये माडाई व आजी या माशांसाठी वापरावयाच्या कोमासे पिंजऱ्याची भोके लहानमोठी करता येतात. त्यात दक्षिण ध्रुवसागरातील क्रिल हे कोळंबीसारखे लहान जीव किंवा कुटलेले मासे भरतात आणि नावेचा तांडेल सांगेल त्या खोलीवर पिंजरा नेऊन काठीला हिसका देतात, म्हणजे चाऱ्याचा ढग बाहेर पडतो. पिंजऱ्यापासून निघालेल्या लांब दोरीवरील आमिष त्या ढगात तरंगत राहील अशी तजवीज असते. येथे तळाऐवजी खोलीचा थर महत्त्वाचा असल्याने दर दहा मीटरांवर रंग बदलणारी दोरी वापरतात. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर चपट्या फ्लाउंडर माशांसाठी शिंपल्यांचे कुटलेले मांस भरलेले वजनदार पात्र नावेखाली तळाशी सोडून ठेवण्याची चाल आहे, तर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर स्नॅपर माशांसाठी तसेच पात्र उपयोगात आणतात.

भारतीय संबंध : महसीर हा भारतीय नद्यांतील विख्यात मासा बार्बेलच्याच कुलातील असून पूर्वी त्याची गणनाही बार्बस या प्रजातीतच होत असे. दख्खनी महसीराचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल साइक्स याने 1839 मध्ये, पुण्याजवळील मुळा-मुठा नदीतील माशांवरून, बार्बस खुद्री या नावाने केले. आता ही जाती टॉर प्रजातीत घालतात. हेन्री सलिवन टॉमस याचा भारतातील गळाच्या मासेमारीवरील ग्रंथ 1873 मध्ये निघाला, आणि त्यानंतर महसीराच्या मागावर निघणाऱ्यांची एक परंपराच पडली. कावेरीवर नाचणीच्या पिठाचा शिजवलेला गोळा हे महसीराचे प्रसिद्ध आमिष आहे. कोकणची मासेमारी मात्र मुख्यत्वे रापण, डोल इत्यादी जाळ्यांवर चालत आल्यामुळे तेथे चारापात्रासारख्या साधनाची निकड भासली नाही.

निर्बंध व विवेक : चारापात्राच्या वजनासाठी प्रथम शिसे सर्रास वापरीत. टेम्स व इतर नद्यांवरील हंस पाण्यात हरवलेले शिशाचे लहान गोळे खडे समजून गिळीत व विषबाधेने मरत, असे आढळून आल्यावर ब्रिटनमध्ये 1987 च्या आरंभापासून 0.06 ग्रॅमपेक्षा अधिक आणि 28.35 ग्रॅमपर्यंतच्या मासेमारीच्या शिशाच्या वजनांची विक्री बंद करण्यात आली. तेव्हापासून हलक्या पात्रांना इतर धातूंची वजने बसवतात. इंग्लंडमधील नद्यांवर 15 मार्च ते 15 जून या मुदतीत गळाने बार्बेलसारखे गोड्या पाण्यातील मासे धरण्यास बंदी असते आणि तेरा वर्षांखालील मुले वगळता परवान्याशिवाय कोणासही काठी लावण्याची मुभा नाही. जपानच्या काही प्रांतांत चारा घालण्यावरच निर्बंध आहेत. अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात पुळणीवरून मासेमारी करताना चारा टाकण्यास 2019 पासून मनाई आहे.

या निर्बंधांमागील तत्त्व एकच आहे. पाण्यात घातलेली प्रत्येक वस्तू पाण्यात राहते : अतिरिक्त चारा कुजून प्राणवायू शोषतो व शैवालास पोसतो, दोरी तुटली म्हणजे पात्र तळाशी अडकून पडते आणि गळासकट गुंतलेला मासा त्याला ओढीत फिरतो. म्हणून मासा लागला असता पात्र दोरीवरून सहज सुटून जाईल अशी जोडणी करावी, असा दंडक सुजाण मासेमार पाळतात. पाण्यात पूर्णपणे विरघळणाऱ्या पॉलिव्हिनाइल अल्कोहोलच्या पिशव्यांत चारा भरण्याची पद्धत कार्पच्या मासेमारीत रूढ झाली असून तिच्यामुळे मागे काहीच उरत नाही. चारापात्राचे यश त्यातून किती चारा गेला यावरून मोजता येत नाही. योग्य स्थानी, योग्य समयी आणि आवश्यक तेवढाच चारा पोहोचला, म्हणजे मासेमाराचा हेतू साधतो आणि नदीचे आरोग्यही अबाधित राहते.