बटाट्याचा करपा आणि विद्यार्थ्यांचा ज्ञानकोश

ज्ञानकोश म्हटला की जाडजूड खंड आणि त्यामागचे वयोवृद्ध पंडित डोळ्यांपुढे येतात. २००१ साली निघालेल्या विकिपीडियाने ही समजूत मोडली. पुढे महाविद्यालयांतील विद्यार्थीही त्यात लिहू लागले. एकाने बुरशी-अळंब्यांवर लेख लिहावा आणि वर्गातील दुसऱ्याने तो तपासावा, अशी रीत पडली. वर्गसोबत्याने काय तपासायचे, असे आपण विचाराल.

१८४५ साली आयर्लंडात बटाट्याचे पीक करप्याने कुजले. पुढील काही वर्षांत सुमारे १० लक्ष माणसे उपासमारीने व रोगराईने मेली, जवळजवळ तितकीच देशोधडीला लागली. कारण काय? नामांकित वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली म्हणत, ओल्या हवेने झाड पाणी पिऊन सडते आणि बुरशी त्यावर मागाहून येते. किंग्ज क्लिफ या खेड्यातील धर्मोपदेशक माइल्स बर्कली यांनी मात्र रोगट पाने सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली होती. बुरशी हा परिणाम नव्हे, तेच कारण, असे त्यांनी १८४६ साली छापून सांगितले. फारसे कोणाला पटले नाही. १८६१ साली जर्मन शास्त्रज्ञ आंटोन डी बारी यांनी निरोगी झाडावर तिचे बीजाणू टाकून रोग उत्पन्न करून दाखविला, तेव्हा वाद मिटला.

पण तो पुरता मिटला नव्हताच! हा जीव खऱ्या बुरशीच्या कुळातील नाही. त्याची पेशीभित्ती बुरशीसारखी कायटिनची नसून मुख्यत्वे सेल्युलोजसारख्या द्रव्यांची असते, आणि त्याचे नाते तपकिरी शैवालांशी आहे, असे आता ठरले आहे. जुना ग्रंथ समोर ठेवून लिहिणारा विद्यार्थी प्रामाणिकपणे 'बुरशी' असेच लिहील. 'हा ग्रंथ कोणत्या सालचा?' एवढे विचारण्यास सोबती पुरतो.

अर्थात मुळात स्वतः लिहिलेले असेल तर! २०११ साली पुण्यातील काही महाविद्यालयांत हा प्रयोग झाला, तेव्हा कित्येकांनी इतरांचा मजकूर जसाच्या तसा उतरविला. स्वयंसेवक संपादकांना तो निस्तरावा लागला आणि प्रयोग आवरता घ्यावा लागला. उतरवून आणलेल्या वह्या तपासण्यात माझीही उमेदीची वर्षे गेली; मला त्याचे नवल वाटले नाही.

छापील खंडात लिंडली-बर्कलींचा वाद चार ओळींत आटोपतो. येथे प्रत्येक लेखामागे चर्चेचे पान असते. सोबत्याची शंका आणि लेखकाचे उत्तर तेथे, तर खोडलेले वाक्यही लेखाच्या इतिहासाच्या पानावर, तारखेनिशी वाचावयास मिळते.